निजाम रेल्वे : हमीचा भार आणि मालकीचा प्रश्न

हैदराबाद संस्थानातील रेल्वेचा इतिहास सांगताना बहुधा मार्ग, स्थानके व उद्घाटनाची सालेच नोंदविली जातात. या रेल्वेचा भार कोणी सोसला आणि तिच्यावर हुकमत कोणाची होती, हा प्रश्न मात्र मागे राहतो.

वाडी ते सिकंदराबाद हा पहिला मार्ग १८७४ मध्ये सुरू झाला. पैसा संस्थानाच्या बाजूने उभा राहिला; गाड्या जी.आय.पी. रेल्वे चालवीत असे. १८८३ मध्ये हा मार्ग चांदा व बेझवाड्याकडे वाढविण्यासाठी लंडनमध्ये कंपनी स्थापण्याची योजना पुढे आली. भांडवलावर वीस वर्षे पाच टक्के परताव्याची हमी संस्थानाने द्यावयाची होती. उत्पन्न कमी पडल्यास तूट सरकारी खजिन्यातून, पर्यायाने रयतेच्या महसुलातून, भरली जाणार आणि कारभार लंडनच्या संचालकांकडे राहणार, असा त्याचा अर्थ होता.

त्याच वर्षी फेब्रुवारीत दिवाण सर सालारजंग यांचे निधन झाले होते. निजाम मीर महबूब अली खान अल्पवयीन होते. अशा वेळी सरोजिनी नायडूंचे वडील, शिक्षणतज्ज्ञ अघोरनाथ चट्टोपाध्याय, मुल्ला अब्दुल कय्यूम आदींनी योजनेची संपूर्ण माहिती जनतेपुढे ठेवावी, अशी मागणी केली. अघोरनाथांना मे १८८३ मध्ये हद्दपार करण्यात आले आणि करारही झाला. तरीही हिंदू व मुस्लिम सुशिक्षितांनी राज्याच्या पैशाचा हिशेब एकत्र मागितला, ही घटना संस्थानातील सार्वजनिक जीवनाची नांदी ठरली.

रेल्वेचे लाभ नाकारता येत नाहीत. १८८९ मध्ये मार्ग बेझवाड्यास भिडला; सिंगरेणीच्या कोळशाला वाट मिळाली. १९०० च्या सुमारास हैदराबाद–गोदावरी खोरे रेल्वेचा ३९१ मैलांचा मीटरगेज मार्ग नांदेड, परभणी, जालना, औरंगाबादमार्गे मनमाडला पोहोचला. मराठवाड्याचा कापूस मुंबईच्या बाजारपेठेशी जोडला गेला. मात्र मनमाडला रुंदी बदलत असल्याने माल तेथे दुसऱ्या गाडीत भरावा लागे. वादग्रस्त चांदा दिशेचा काझीपेठ–बल्लारशा मार्ग पुरा होण्यास १९२० च्या दशकाची अखेर उजाडली.

१ एप्रिल १९३० रोजी निजाम सरकारने कंपनीकडून रेल्वे विकत घेतली. १९३२ मध्ये याच रेल्वेने २७ बसगाड्यांनिशी रस्ता वाहतूक सुरू केली. १९५० मध्ये ती भारत सरकारकडे आली, १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली आणि १९६६ मध्ये तिचे बरेच मार्ग दक्षिण मध्य रेल्वेत गेले.

खजिन्याने जोखीम उचलायची आणि अधिकार दुसऱ्याने भोगायचा, या व्यवस्थेतून सुटण्यास संस्थानाला सत्तेचाळीस वर्षे लागली. १८८३ चा तो प्रश्न म्हणूनच या इतिहासाच्या केंद्रस्थानी ठेवून शिकवला पाहिजे.