‘इथं नको’चा इतिहास: मलकापूरचं निवेदन, धारावी आणि मुलुंड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. बोलताना जिथं अडखळलो तेवढं काढून टाकलं, बाकी तसंच आहे.

आजचा विषय मला गेल्या दिवाळीत घरी, म्हणजे मलकापूरला मिळाला. आमचं घर गावाबाहेरच्या एका लेआउटमध्ये आहे आणि लेआउटला लागून ई-क्लासची पडीक जमीन आहे. वऱ्हाडाबाहेरच्या मंडळींसाठी सांगतो, ई-क्लास म्हणजे गुरं चारायला राखून ठेवलेली सरकारी जमीन. तिथं घरकुलं येणार अशी कुणकुण लागली. खरं किती, खोटं किती, कुणालाच माहीत नव्हतं. तरी संध्याकाळी मंदिरासमोर पंधरा-वीस जण जमले आणि विरोधाचं निवेदन द्यायचं ठरलं. आता लिहिणार कोण? आमच्याकडे इंजिनिअर म्हटलं की टीव्हीच्या रिमोटपासून सरकारी अर्जापर्यंत सगळं त्याच्याकडेच येतं. तर ते काम माझ्याकडे आलं.

मुद्दे पाच होते. एक, नळाला आधीच काही दिवसांआड पाणी येतं, ते वाटलं जाईल. दोन, नाल्या आत्ताच तुंबतात. तीन, पोरांना खेळायला उरलेली मोकळी जागा जाईल. चार, शेजारचे काका म्हणाले तसं, "प्लॉटचे भाव पडतीन." आणि पाच, "ते लोकं" आले की बायका-पोरींना संध्याकाळी बाहेर पडता येणार नाही. बाबा म्हणाले, "लिहून दे ना बापा, सगळे सही करून रायले."

मी पाचही मुद्दे टाइप केले. मग झोप येईना. प्रत्येक मुद्दा आधी कुठंतरी वाचल्यासारखा वाटत होता. वाचलेलाच होता, मुंबईच्या इतिहासात. मलकापूरहून मुंबईला जाणारी गाडी ठाणे सोडलं की मुलुंड, भांडुप, कांजूर, कुर्ला, शीव करत दादरला पोचते. हा सगळा इतिहास त्या एकाच रुळाच्या आजूबाजूला घडलाय. म्हणून आज त्याच मार्गाने जाऊ, फक्त उलट्या दिशेने, दादरपासून.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला. त्यानंतर १८९८ मध्ये सरकारने कायदा करून सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. काम काय, तर दाटीवाटीच्या वस्त्या पाडायच्या, रुंद रस्ते काढायचे आणि शहर उत्तरेकडे पसरवायचं. प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड त्यातूनच आले. पण पाडापाडी जोरात झाली आणि त्या मानाने गरिबांसाठी घरं कमी बांधली गेली. ज्यांची घरं गेली ते कामाच्या जागेपासून लांब जाऊ शकत नव्हते. मग ते शेजारच्या वस्तीत घुसले आणि तिथली दाटी वाढली.

त्याच ट्रस्टने दादर-माटुंग्याला आखीव वसाहती केल्या. आज दादरची पारशी कॉलनी म्हटलं की आपल्याला झाडांच्या सावलीतले शांत रस्ते आणि कोटींचे भाव आठवतात. पण मंचरजी जोशी या इंजिनिअरने ट्रस्टकडून तिथले १०३ भूखंड मागून घेतले ते बेताच्या कमाईच्या पारशी कुटुंबांसाठी. तेव्हा दादर म्हणजे शहराबाहेर. म्हणजे आज जिथं नवीन माणसाला पाय ठेवणं अवघड आहे, ती जागा सार्वजनिक जमिनीवर, सार्वजनिक योजनेतून, परवडणाऱ्या घरांसाठीच उभी राहिली होती.

पुढचा टप्पा बीडीडी चाळींचा. १९२० च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथं २०७ चाळी बांधल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. गंमत अशी की घरांची एवढी टंचाई असूनही सुरुवातीची काही वर्षं कितीतरी खोल्या रिकाम्या होत्या. वरळी तेव्हा आडबाजूला होती आणि कामगारांना भाडं व अंतर दोन्ही जड जात होतं. घर बांधलं आणि माणसाच्या पोटापाण्याचा विचार केला नाही की काय होतं, त्याचा हा शंभर वर्षांपूर्वीचा नमुना. आज वरळी शहराच्या मध्यात आली. त्या चाळींचा पुनर्विकास चालू आहे आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या.

आता दादरवरून शीवकडे सरकू, म्हणजे धारावी. ही जागा मुळात कोळीवाडा आणि खाडीची दलदल. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी चामड्याचे कारखाने इथं आले, कारण दक्षिण मुंबईला तो वास नको होता. सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांना शहर वाढत गेलं तसं एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवलं गेलं आणि १९३० च्या दशकात ते धारावीत आले. तोच आजचा कुंभारवाडा. थोडक्यात, शहराने ज्यांना ज्यांना ‘इथं नको’ म्हटलं ते लोक धारावीत साठत गेले. त्यांनी दलदलीत भर घातली, जमीन केली, धंदे उभे केले. मग मिठीच्या पलीकडे वांद्रे-कुर्ला संकुल आलं आणि जी शहराची कड होती ती मध्य झाली.

कडेची जागा मध्यात आली की काय होतं, त्याचं एक जुनं उदाहरण मानखुर्दजवळच्या जनता कॉलनीचं आहे. तिथल्या लोकांना महापालिकेनेच शहरातून उचलून तिकडे वसवलं होतं. पुढे शेजारी भाभा अणुसंशोधन केंद्राची वसाहत आली आणि केंद्राला ती जमीन हवी झाली. जोकिन अर्पुथम या तिथल्या तरुण कार्यकर्त्याने कोर्टापासून दिल्लीपर्यंत लढा दिला. पण आणीबाणी लागली आणि १७ मे १९७६ ला वसाहत पाडली. सुमारे ७० हजार लोक चीता कॅम्पला नेले. सरकारने वसवलेले लोक सरकारनेच पुन्हा उठवले. जोकिन पुढे देशभरातल्या झोपडीवासीयांचे नेते झाले आणि २००० साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आता मुलुंड. धारावी पुनर्विकासाचा हिशोब थोडक्यात असा. १ जानेवारी २००० पूर्वीच्या तळमजल्यावरच्या पात्र रहिवाशांना धारावीतच ३५० चौरस फुटांचं मोफत घर. त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंत आलेल्यांना अडीच लाख भरून धारावीबाहेर घर. आणि त्याच्याही नंतरच्यांना व वरच्या मजल्यांवर राहणाऱ्यांना धारावीबाहेर भाड्याचं घर, जे हप्त्यांनी मालकीचं करता येईल. हे ‘बाहेर’ म्हणजे कुठं? सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कांजूर, भांडुप, मुलुंड इथल्या २५५.९ एकर मिठागरांच्या जमिनीला मंजुरी दिली.

मुलुंडमध्ये त्याआधीच धुसफूस होती. मुलुंड पूर्वेला प्रकल्पग्रस्तांसाठी सात हजारांहून जास्त घरांची योजना आली होती आणि रहिवासी रस्त्यावर उतरले होते. त्यात धारावीची भर पडली. मोर्चे निघाले, उपोषणं झाली, २०२४ च्या लोकसभा प्रचारात हा विषय गाजला. मुद्दे काय होते? पाणी, गटारं, मोकळ्या जागा, लोकलची गर्दी. थोड्या दबक्या आवाजात भाव. आणि आणखी दबक्या आवाजात, ‘ते लोक’.

इथं मला मुलुंडकरांना झोडपायचं नाहीये. त्यांचे पहिले मुद्दे खरे आहेत. मिठागरं पावसाचं आणि भरतीचं पाणी सामावून घेतात. २६ जुलै २००५ ला ९४४ मिलिमीटर पाऊस झालेल्या शहरात मिठागरावर इमारती बांधायच्या का, हा प्रश्न विचारायलाच हवा. आणि तो सर्वांत आधी तिथं राहायला जाणाऱ्यांच्या बाजूने विचारायला हवा, कारण पाणी भरलं तर त्यांच्याच घरात भरणार. धारावीतल्या अनेकांनाही तिकडे जायचं नाहीये, त्यांचा धंदा धारावीत आहे. म्हणजे दोन्हीकडचे लोक एकाच योजनेला विरोध करतायत. पण मुलुंडच्या विरोधात धारावीकर हा शेजारी म्हणून किंवा सोबती म्हणून कुठं दिसत नाही, फक्त संकट म्हणून दिसतो.

‘इथं नको’ जिंकलं की काय होतं, ते माहुलला दिसलं. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवल्या आणि लोकांना माहुलच्या ७२ इमारतींच्या वसाहतीत पाठवलं. शेजारी तेलशुद्धीकरण आणि रसायनांचे कारखाने. तिथल्या हवेबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच इशारा दिला होता. लोक आजारी पडले, आंदोलन केलं, आणि २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने सांगितलं की कुणालाही माहुलला जायची सक्ती करता येणार नाही, दुसरं घर द्या नाहीतर महिना १५ हजार रुपये भाडं द्या. जिथं कुणीच हरकत घेत नाही अशी जागा बहुतेकदा अशीच असते. हरकत घ्यायला तिथं कुणी राहतच नसतं, आणि न राहण्याला कारण असतं.

आता चौथा मुद्दा, भाव. यावर माझ्याकडचं सर्वांत चांगलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. न्यू जर्सीत माउंट लॉरेल नावाचं गाव आहे. १९७० च्या सुमारास तिथल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी, एथेल लॉरेन्स या त्यात पुढे होत्या, ३६ स्वस्त घरं बांधायची परवानगी मागितली. गावाने नाकारली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि १९७५ मध्ये निकाल लागला की नियमांच्या आडून गरिबांना गावाबाहेर ठेवता येणार नाही. तरी घरं उभी राहायला २००० साल उजाडलं. एथेल लॉरेन्स तोवर वारल्या होत्या. वसाहतीला त्यांचंच नाव दिलं. पुढे डग्लस मॅसी या समाजशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसोबत शेजारच्या भागांचा अभ्यास केला. वसाहतीमुळे घरांचे भाव पडले नाहीत, गुन्हे वाढले नाहीत, करही वाढले नाहीत. तीस वर्षं ज्या भीतीवर भांडण चाललं, ती खरी ठरली नाही. पण ती वसाहत नीट बांधली होती आणि नीट सांभाळली जात होती, हेही विसरून चालणार नाही.

हे सगळं वाचून सकाळी मी बाबांना एकच विचारलं, "आपलं जुनं घर कशावर होतं?" उत्तर मला माहीत होतं. आजोबा मोताळ्याकडच्या खेड्यातून जिनिंगमध्ये कामाला आले. नझुलच्या जागेवर कुडाची झोपडी टाकली, बरीच वर्षं तशीच काढली, मग पट्टा मिळाला. त्या पट्ट्यावर पक्की दोन खोल्यांची जागा झाली, तिच्या जोरावर बाबा शिकले, नोकरीला लागले आणि या लेआउटमध्ये प्लॉट घेऊ शकले. मी आज लॅपटॉपवर निवेदन टाइप करतोय ते त्या पट्ट्यामुळे. तेव्हा शेजारच्या वाड्यातल्यांनी निवेदन दिलं असतं तर?

बाबा थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "तवाची गोष्ट वेगळी होती." हे वाक्य दादरला, वरळीला, मुलुंडला, सगळीकडे बोललं गेलं असणार. प्रत्येक वस्तीला आपलं येणं वेगळं वाटतं.

मी निवेदन पुन्हा लिहिलं. पहिले तीन मुद्दे ठेवले, पण हरकत म्हणून नाही, मागणी म्हणून. घरकुलांच्या आधी पाण्याची नवीन लाइन टाका, नाली आधी बांधा, खेळायची जागा नकाशात राखून ठेवा, ती दोन्हीकडच्या पोरांना राहील. चौथा आणि पाचवा काढून टाकला. आणि एक नवीन घातला: ज्यांना घरं मिळणार आहेत त्यांनाही बैठकीला बोलवा. आमच्या बैठकीत त्यांच्यातलं कुणी नव्हतं. खरं तर ते कोण आहेत हेही आम्हाला माहीत नव्हतं. त्यातली काही जणं आमच्याच लेआउटमध्ये धुणीभांडी करायला येत असतील.

निम्म्या लोकांनी सही केली. काकांनी केली नाही, त्यांनी पाच मुद्द्यांचं वेगळं निवेदन तयार करून घेतलं. दोन्ही अर्ज गेले. ई-क्लासवर अजून तरी गुरंच चरतायत. बाबांनी माझ्या अर्जावर सही केली, पण भावाचा मुद्दा काढल्याबद्दल अजूनही फोनवर ऐकवतात. मॅसीचा अभ्यास सांगितला तर म्हणतात, "ते अमेरिकेत." तेही बरोबर आहे. मलकापुरात असा अभ्यास करायचा तर आधी घरं बांधावी लागतील.

तर मंडळी, या आठवड्यात एक काम करा. घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारा की आपलं कुटुंब या गावात पहिल्यांदा आलं तेव्हा कुठल्या जागेवर राहिलं आणि ती जागा कुणाची होती. जे कळेल ते मला लिहून पाठवा, पुढच्या भागात वाचून दाखवतो. भेटू.