काळा धूर (जुन्या डिझेल मोटारींचा)

डिझेल मोटारीच्या सायलेन्सरमधून प्रमाणाबाहेर पडणारी काजळी. यांत्रिक इंधनपंप असलेल्या, संगणकीय नियंत्रण नसलेल्या मोटारींपुरतीच ही नोंद आहे, उदा., डिझेल अ‍ॅम्बॅसडर, १९९८ साली बाजारात आलेल्या १,४०५ घ.सेंमी. टाटा इंडिकाच्या सुरुवातीच्या गाड्या, जुन्या जीप. पांढरा धूर (न पेटलेले डिझेल) व निळा धूर (जळणारे वंगण) यांची कारणे वेगळी असतात.

कारण : एक किलो डिझेल पूर्ण जळायला सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. डिझेल एंजिनात एकूण हवा याहून जास्त असते. पण फवाऱ्याच्या गाभ्यात ती वेळेत पोहोचली नाही की तिथले इंधन उष्णतेने फुटून त्याचा कार्बन होतो. म्हणजे काळा धूर इंधन जास्त झाल्याने येतो, हवा कमी पडल्याने येतो किंवा दोघांची नीट भेट न झाल्याने येतो.

हवा : एअर क्लिनर प्रथम पाहावा, कारण त्याला खर्च जवळजवळ नाही. तो काढून क्षणभर रेस दिल्यावर धूर घटला तर शोध तिथेच संपतो. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे दहा-बारा टक्के विरळ असते. टर्बो नसलेली गाडी तिथे थोडी अधिक काळी ओकते, हा बिघाड नव्हे. घाटात वरचा गिअर न सोडता अ‍ॅक्सिलरेटर दाबणाऱ्या चालकाचा धूरही या नोंदीत धरलेला नाही.

नोझल : दोष येथे सर्वाधिक सापडतो. नोझलची सुई ठरावीक दाबाला उचलली जाऊन डिझेलचे धुके व्हायला हवे; पूर्वकक्ष असलेल्या एंजिनांत हा दाब साधारण १२० ते १५० बार असतो. स्प्रिंग थकली की दाब उतरतो आणि थेंब जाड होतात. सुईच्या बैठकीवर कार्बन बसला की नोझल ठिबकते, आणि तो थेंब पेट संपल्यावर कक्षात पडून केवळ काजळी देतो. दोषी नोझल ओळखण्यासाठी एंजिन आयडलिंगला ठेवून एकेका इंधननळीचा नट सैल करतात. ज्या नळीचा नट सैल केल्यावर धूर कमी होतो पण एंजिनाच्या चालीत फारसा फरक पडत नाही, तिचे नोझल संशयास्पद. ते काढून हातपंपाच्या टेस्टरवर लावावे : फवारा सरळ, सारखा व करकर आवाजाचा असावा, टोक कोरडे राहावे. फवाऱ्याखाली हात कधीही धरू नये. त्या दाबाचे डिझेल कातडीत घुसते व शस्त्रक्रियेची वेळ येते. दाब शिम बदलून वाढवतात. बसवताना खालचा तांब्याचा वॉशर नवा घालावा. जुना वॉशर भोकातच चिकटून राहिला व त्यावर दुसरा बसला तर नोझल उंच बसते, आणि दुरुस्तीनंतरही धूर जसाच्या तसा राहतो. हे वरचेवर घडते आणि त्याचे खापर पंपावर फुटते.

पंप : टायमिंग मागे पडले की इंधन उशिरा पेटते व धूर येतो; फार पुढे गेले तर ठोके ऐकू येतात. टायमिंग बेल्ट बदलल्यानंतर सुरू झालेल्या धुराचा शोध येथूनच घ्यावा. कमाल इंधनाचा स्क्रू कारखान्यात सीलबंद केलेला असतो. दम वाढावा म्हणून तो फिरवून घेणे ही जुनी चाल. सील तुटलेले दिसले की निम्मे निदान झाले. पीयूसी (प्रदूषण तपासणी) पुरते त्याच स्क्रूने इंधन कमी करून नंतर पुन्हा वाढवणारेही आहेत. खरे माप कॅलिब्रेशन बेंचवरच कळते, कानाने नाही.

इंधन : केरोसीनच्या भेसळीने धूर वाढतो की घटतो याबद्दल कारागिरांत एकमत नाही. त्याच्या कमी वंगणगुणामुळे पंपाची झीज होते, यावर मात्र वाद नाही. भारतीय डिझेलमधील गंधकाची मर्यादा बीएस-४ (भारत स्टेज-४) या उत्सर्जन मानकात ५० पीपीएम व एप्रिल २०२० पासून १० पीपीएम झाली. पण तेवढ्याने जुन्या गाडीची काजळी आपोआप थांबत नाही.

ईजीआर झडप (जळालेल्या वायूचा काही भाग पुन्हा एंजिनात सोडणारी) : उघडी अडकल्यास धूर येतो. झडप कायमची बुजवल्यास काजळी घटते, नायट्रोजन ऑक्साइडे वाढतात.

कॉम्प्रेशन : वरील सर्व ठीक असूनही धूर राहिल्यास मोजावे.

आरोग्य : डिझेलच्या धुराला आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये मानवी कर्करोगकारकांच्या गटात घातले.

मापन : तटस्थ गिअरमध्ये एंजिन झटक्याने कमाल वेगापर्यंत नेऊन धुराची अपारदर्शकता मोजतात. बीएस-४ पूर्वीच्या डिझेल गाड्यांसाठी मर्यादा ६५ हार्टरिज एकके (शोषण गुणांक २.४५ प्रति मीटर), बीएस-४ साठी ५० (१.६२). एंजिन चांगले तापलेले असावे. थंड एंजिनावरचे माप ग्राह्य धरू नये.