टकटक नक्की कुठून येते?

औरंगाबाद (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर) म्हटलं की बाहेरच्यांना अजिंठा-वेरूळ आठवतं. इथल्या लोकांना वाळूजही तेवढंच आठवतं. १९८५ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, त्याबद्दल बरंच बोललं जातं. पण त्याच सुमारास मोटरसायकलचा आवाज बदलायला लागला आणि "गाडीत काहीतरी वाजतंय" ही तक्रार सोडवायची पद्धतही. ही गोष्ट त्याची.

त्याआधी रस्त्यावर राजदूत आणि येझदी. १९८५ ची आरएक्स १०० आणि १९८६ ची कावासाकी बजाज केबी १०० सुद्धा टू-स्ट्रोकच. टू-स्ट्रोक इंजिनात टॅपेट नाही, कॅमशाफ्ट नाही, टायमिंग चेन नाही. मग वाजून वाजून वाजणार काय? पिस्टन, नाहीतर क्रँक आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंग. (बुलेट फोर-स्ट्रोक होती, पण तो वेगळा धर्म आहे. तिथे आवाज बंद झाला तर लोक घाबरतात :-) )

१९८५ लाच हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९१ मध्ये बजाजची ४एस चॅम्पियन, आणि १९९८ मध्ये वाळूजमधून कॅलिबर बाहेर पडली. सगळ्या फोर-स्ट्रोक. १९९६ आणि २००० च्या प्रदूषण नियमांनी टू-स्ट्रोक मोटरसायकली जवळजवळ संपवल्याच. ॲव्हरेज वाढलं, धूर गेला, पण इंजिनच्या डोक्यात नवी वाजणारी मंडळी येऊन बसली. टू-स्ट्रोकवर कान तयार झालेल्या मिस्त्रींना अर्धी विद्या नव्याने शिकावी लागली असणार.

ही विद्या खरं तर मोजणीची आहे. फोर-स्ट्रोकमध्ये क्रँक दोनदा फिरतो तेव्हा कॅमशाफ्ट एकदा. गाडी १४०० आरपीएमवर उभी असेल तर एक व्हॉल्व्ह मिनिटाला ७०० वेळा उघडतो. म्हणजे टकटक इंजिनच्या निम्म्या वेगाने येत असेल तर संशय टॅपेटवर. गार असताना वाजतंय आणि गरम झाल्यावर कमी होतंय? पिस्टन बघा. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर क्लच. इंजिन बंद करून ढकलली तरी वाजतेय, तर इंजिन सुटलं, चेन किंवा चाकाची बेअरिंग तपासा. आम्ही अर्धा कोड कमेंट करून बग शोधतो ना, अगदी तेच.

जागा पक्की करायला मिस्त्री लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनला लावतो आणि मूठ कानाशी धरतो. १८१६ मध्ये पॅरिसला लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची गुंडाळी करून रुग्णाच्या छातीला लावली, त्यातून स्टेथोस्कोप आला. तत्त्व जवळपास तेच. लोखंडातून ध्वनी हवेपेक्षा कितीतरी वेगाने जातो, आणि टोक जिथे टेकलंय तिथलीच थरथर थेट कवटीत पोचते.

गेल्या पावसाळ्यात माझी गाडी फक्त ४००० आरपीएमच्या आसपास खर्र करायची. दोन ठिकाणी "हाफ इंजिन उघडावं लागेल" असं ऐकवलं. तिसऱ्या मिस्त्रीने रेस द्यायला लावली आणि स्क्रूड्रायव्हर फिरवला. इंजिनवर काहीच नाही. सायलेन्सरच्या गार्डला हात लावला, आवाज बंद! बोल्टखालचा रबर वॉशर गेला होता आणि त्या ठराविक वेगालाच पत्रा थरथरायचा. नाहीतर चांगलं चाललेलं इंजिन उगाच उघडलं गेलं असतं, आणि एकदा उघडलेलं इंजिन पुन्हा तसंच बसेल याची खात्री कोण देणार?

एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, कार्बोरेटर जाऊन फ्युएल इंजेक्शन आलं. इंजेक्टरची स्वतःची एक बारीक टिकटिक असते, ती ऐकून नवे मालक घाबरतात. आता गाडीला स्कॅनर लावतात. तो सेन्सर जे सांगेल ते दाखवतो. पण आपल्या साध्या शंभर-दीडशे सीसीच्या गाड्यांत टायमिंग चेन ढिली झाल्याचं सांगणारा सेन्सर नसतो. स्कॅनर म्हणतो काही दोष नाही, आणि गाडी वाजतच असते. मग मिस्त्री वायर काढून ठेवतो आणि स्क्रूड्रायव्हर शोधायला लागतो.