कृष्णाकाठच्या नाताळाचे कूळ

डिसेंबर लागला की साताऱ्याच्या राजपथावर आणि सांगलीच्या गणपती पेठेत लाल टोप्या, कापसाच्या दाढ्या, प्लास्टिकचे सूचिपर्णी वृक्ष आणि विजेचे तारे यांची जी आरास दुकानोदुकानी लागते, ती पाहून मिशनऱ्यांनी हा सण परदेशातून जसाच्या तसा आणून येथे रुजविला असावा, असा समज होणे स्वाभाविक आहे. परंतु या सणाची वंशावळ निराळी आहे, आणि ती ठाऊक असल्यावाचून त्याच्या बाजारीपणाविषयी आज जी हळहळ व्यक्त होते तिचे मर्म उमगत नाही.

सातारचे राज्य 1848 साली खालसा झाले आणि पुढच्याच वर्षी अमेरिकन मराठी मिशनने तेथे आपले ठाणे घातले. हे मिशन ज्या बोस्टनच्या मंडळाने धाडले होते ते न्यू इंग्लंडातील प्युरिटनांच्या परंपरेतले; आणि त्याच प्युरिटनांनी मॅसॅच्युसेट्सच्या वसाहतीत 1659 साली असा कायदा केला होता, की जो कोणी कामधंदा बंद ठेवून अथवा मेजवानी झोडून नाताळ पाळील त्याने पाच शिलिंग दंड भरावा. त्यांचा युक्तिवाद सरळ होता: शुभवर्तमानांत ख्रिस्तजन्माची कथा आहे, तिथी मात्र नाही; 25 डिसेंबरचा लेखी दाखला मिळतो तो चौथ्या शतकातल्या रोममधील एका कालपत्रकात; तेव्हा ज्या दिवसाला शास्त्राची सनद नाही, तो मद्यपानात आणि आळसात घालविण्यास निमित्त कशाला द्यावे? दंड 1681 साली रद्द झाला, तरी त्या प्रांतात नाताळाची कायदेशीर सुट्टी मिळावयास 1856 साल उजाडावे लागले. म्हणजे साताऱ्याचे मिशन तोवर सात वर्षांचे झाले होते. सांगली-मिरजेच्या पटवर्धनी मुलखात काम करणारे, मिरजेस 1894 साली डॉ. वानलेस यांचे रुग्णालय उघडणारे मिशन प्रेस्बिटेरियन. आणि त्या पंथाचे मूळपीठ जे स्कॉटलंड, तेथे तर ही सार्वजनिक सुट्टी 1958 साली सुरू झाली.

तात्पर्य, ज्यांच्या मुखातून कृष्णाकाठाने ख्रिस्ताचे नाव ऐकले त्यांच्या पूर्वजांपाशी सणाचे वैभव असे फारसे नव्हतेच, आणि म्हणून त्या नावाभोवती जो उत्सव येथे उभा राहिला त्याचे अंग येथल्याच माणसांनी घडविले. करंज्या, शंकरपाळी, चकल्या, लाडू हा सारा दिवाळीचाच फराळ. तो ताटात घालून, वर रुमाल झाकून शेजारच्या हिंदू-मुसलमान घरी पोचविण्याची वहिवाटही येथलीच. उपासनेला पेटी, तबला आणि झांजा आल्या, कथा सांगावयास कीर्तन आले. या घडणीचे सर्वांत तेजस्वी नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. 1895 साली बाप्तिस्मा घेतलेल्या या कवीने ओवी-अभंगाच्या भाषेत ख्रिस्ताला हाक मारली, आणि 1917 साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास येऊन ‘देवाचा दरबार’ स्थापिला, ज्यात बाप्तिस्मा झालेल्यास आणि न झालेल्यास सारखेच आसन होते. दोनच वर्षांत, मे 1919 मध्ये, ते निवर्तले. त्यांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. मला या दरबाराचे मोल फार वाटते. कारण परकी म्हणून हिणविल्या गेलेल्या श्रद्धेला त्याने या मातीतली बैठक दिली.

ही झाली पहिली शाखा; नाताळाची दुसरी शाखा सरकारी आहे. इंग्रजी अंमलात कचेऱ्या आणि न्यायालये या आठवड्यात बंद राहत, आणि वकीलवर्ग मोकळा असे म्हणूनच 1885 पासून राष्ट्रसभेची (काँग्रेसची) अधिवेशने बहुधा याच दिवसांत भरत गेली. महाबळेश्वर-पाचगणीच्या वाटेवर आज डिसेंबरअखेर मोटारींची जी रीघ लागते आणि खोल्यांचे दर जे चढतात, ते या सुट्टीचेच वंशज. त्यांना गोठ्यातल्या बाळाशी कर्तव्य नसते, आणि तसा त्यांचा दावाही नसतो.

तिसरी शाखा न्यूयॉर्कची. मायरा गावचा, चौथ्या शतकातला बिशप निकोलस हा गरिबाच्या घरी गुपचूप मदत ठेवून जाणारा संत म्हणून पूजिला गेला; डच लोकांच्या स्मरणातून तो अमेरिकेत पोचला, 1823 साली छापल्या गेलेल्या एका कवितेने त्यास आठ रेनडिअरांची गाडी दिली, टॉमस नॅस्ट या व्यंगचित्रकाराने 1860 नंतरच्या दशकात त्यास लठ्ठ, आनंदी देह दिला, आणि 1931 पासून कोका-कोलाच्या जाहिरातींनी तीच मूर्ती जगभर पक्की केली. राजपथावर टोपी विकली जाते ती याची. नाव गुप्त ठेवून देणाऱ्या साधूचे चित्र जिन्नस खपविण्यासाठी वापरले जावे, याचे मला खरोखर दुःख होते.

खर्चाला माझा आक्षेप नाही. जुन्या नाताळातही मुलांना नवी कापडे पेठेतून, प्रसंगी उधारीने, आणली जातच. पण तो खर्च उपासनेच्या मागून येई, आणि उपासनेवाचून त्याला अर्थ नसे. बाजाराच्या नाताळाला बाळाची गरजच उरलेली नाही. प्युरिटनांचा दंड मला पटत नाही, त्यांची भीती मात्र आता कळते.

ख्रिस्ती मंडळ्यांनी दुकानांशी भांडण्यात शक्ती वेचू नये. ‘उपासनासंगीत’ या मराठी गीतसंग्रहातील शब्द छापील आहेत, परंतु त्यांच्या भजनी चाली आणि कीर्तनांची आख्याने पुष्कळशी वृद्धांच्या कंठातच आहेत; त्यापेक्षा साताऱ्यास, मिरजेस आणि वाईस ज्यांना त्या येतात त्यांच्यापाशी बसून त्या ध्वनिमुद्रित कराव्यात, स्वरलिपीत उतरवाव्यात आणि या डिसेंबरपासूनच मुलांना शिकवाव्यात.