रिले (विद्युतयांत्रिक) : जुळवणी व देखभाल

एका सर्किटमधील प्रवाहाने, त्याच्या चुंबकत्वाने किंवा उष्णतेने, पट्टी हलवून दुसरे सर्किट जोडणारे अथवा तोडणारे उपकरण. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ हेन्री यांनी १८३५ च्या सुमारास त्याचा पहिला नमुना केला. पुढे तारायंत्र, टेलिफोन एक्स्चेंज आणि रेल्वे सिग्नल यांचा कारभार दीर्घकाळ रिलेवर चालला. दर्यापूर परिसरात (जि. अमरावती) सर्वसामान्यांचा रिलेशी संबंध येतो तो दोन ठिकाणी : मोटारपंपाच्या स्टार्टरमध्ये आणि जिनिंगच्या पॅनलमध्ये.

दर्यापूर तालुक्याचा बराचसा भाग पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मोडतो. विहिरीचे पाणी खारे, त्यामुळे येथील पंप मुख्यतः नदीनाल्यांवर व शेततळ्यांवर बसतात. उत्तरेला अंजनगाव सुर्जी, अचलपूरकडे गोड्या पाण्याचा संत्रापट्टा लागतो, तेथे पंपांची दाटी अधिक. स्टार्टर मात्र सगळीकडे सारखाच : पत्र्याची पेटी, हिरवे आणि लाल बटण, आत कॉन्टॅक्टर (मोटारीचा पुरवठा जोडणारा-तोडणारा चुंबकी स्विच) आणि त्याखाली ओव्हरलोड रिले.

ओव्हरलोड रिलेत प्रत्येक फेजला एक द्विधातुपट्टी असते. मोटारीचा प्रवाह वाढला की पट्टी तापून वाकते, सरकपट्टीला ढकलते आणि कॉन्टॅक्टरच्या कॉइलचा पुरवठा तुटतो. डायल कोठे ठेवायचा हे मोटारीवरची पाटी ठरवते. ४१५ व्होल्टवर ५ एचपीची मोटार पूर्ण भाराला साधारण ७ ते ७.५ अँपिअर घेते. तिला ६ ते १० अँपिअरचा रिले लावून डायल पाटीवरच्या आकड्यावर ठेवतात. पंप पाणी ओढत असताना टाँगटेस्टरने तिन्ही फेज मोजावेत. प्रवाह पाटीपेक्षा कमी भरला तर डायल थोडा खाली आणता येतो. पाटीच्या वर कधीच नेऊ नये. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वाइंडिंगच्या फेजमध्ये असतो. तेथे पाटीवरच्या आकड्याच्या ०.५८ पट घ्यावे लागते : १५ एचपीच्या मोटारीचे २१ अँपिअर असतील तर डायल १२ वर. हा गुणाकार विसरला की रिले असून नसल्यासारखा होतो, आणि तो विसरल्याची उदाहरणे वाइंडिंगच्या दुकानांत ढिगाने पडलेली असतात.

प्रत्यक्षात डायल बिघडतो तो व्होल्टेजमुळे. फीडरच्या शेपटाला ४१५ ऐवजी ३४० व्होल्ट आले आणि पंपावरचा भार तोच राहिला, तर ७.५ अँपिअरची मोटार ९ अँपिअरच्या पुढे जाते. रिले ट्रिप होतो. शेतकरी डायल १० वर सरकवतो. मोटार चालू लागते. वाइंडिंगमधील उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास दीडपट झालेली असते. दर १० अंश वाढीला इन्सुलेशनचे आयुष्य निम्मे होते, हा मोटारींचा जुना ठोकताळा आहे. वारंवार ट्रिप होणारा रिले बहुतेकदा धडधाकट असतो. दोष शोधायचा तो लाइनमध्ये, बेअरिंगमध्ये किंवा गाळाने जड झालेल्या पंपात.

एक फेज गेला तर स्टार जोडणीच्या मोटारीत, भार तोच असल्यास, उरलेल्या दोन फेजचा प्रवाह १.७३ पट होतो. नव्या रिलेंत दोन सरकपट्ट्यांची योजना असते, ती फेजमधला फरक ओळखून लवकर ट्रिप करते. जुन्या रिलेंत ती नाही, म्हणून वेगळा सिंगल फेज प्रिव्हेंटर लावतात. कॅपॅसिटर घालून दोन फेजवर मोटार चालवण्याची युक्ती गावोगाव माहीत आहे. त्यासाठी आधी हाच प्रिव्हेंटर काढावा लागतो, हे त्या युक्तीबद्दल पुरेसे बोलके आहे.

कॉन्टॅक्टरची नो-व्होल्ट कॉइल पुरवठा गेला की सुटते आणि तो परत आला तरी आपोआप लागत नाही. शेतीची वीज पाळीपाळीने, अनेकदा रात्री येते. अंधारात साप-विंचवातून बांधावर जाऊन हिरवे बटण दाबणे कोणालाही नको असते. त्यातून ऑटोस्विच आला. परिणाम असा की वीज येताच एका डीपीवरच्या (ट्रान्सफॉर्मरवरच्या) साऱ्या मोटारी एकाच क्षणी सुरू होतात. सुरुवातीचा प्रवाह पूर्ण भाराच्या सहापटीच्या आसपास असल्याने फ्यूज उडतात, डीपी जळते. महावितरण ऑटोस्विच काढा, (दोन फेजच्या युक्तीचा नव्हे, पॉवर फॅक्टरचा) कॅपॅसिटर बसवा असे वारंवार सांगते. शेतकऱ्याचे कारण खरे आहे आणि महावितरणचेही. रिलेचा रीसेट तरी ‘ऑटो’वर न ठेवता ‘हँड’वर ठेवावा, ऑटोस्विच आणि ऑटो रीसेट एकत्र आले की अडकलेली मोटार जळेपर्यंत पुन:पुन्हा उठते.

देखभाल : पेटी उघडण्यापूर्वी मेन स्विच बंद करून टेस्टरने तिन्ही फेज तपासावेत. पहिले काम स्क्रू आवळण्याचे. ॲल्युमिनियमची तार पितळी टर्मिनलखाली दबून हळूहळू सैल होते, सांधा तापतो, ती उष्णता शेजारच्या द्विधातुपट्टीला लागते आणि प्रवाह योग्य असूनही रिले ट्रिप होतो. डायल वाढवण्याआधी तारेच्या टोकाचे प्लॅस्टिक वितळलेले आहे का ते पाहावे. संपर्कबिंदू, म्हणजे ‘पॉइंट’, काळे पडले म्हणून कानस मारू नये : चांदीचे ऑक्साइड वीज वाहू देते, आणि कानशीने उरलीसुरली चांदीच जाते. खोल खड्डे पडले असतील तर हलते व स्थिर पॉइंट आणि त्यांच्या स्प्रिंगा असा सगळा संच बदलावा. चुंबकाचे तोंड कोरड्या कापडाने पुसावे. तेल लावल्यास धूळ चिकटते, आर्मेचर नीट बसत नाही, घूं असा आवाज येतो आणि कॉइल तापते. तोंड स्वच्छ असूनही आवाज येत असेल तर बहुधा तांब्याची शेडिंग रिंग तुटलेली असते. पाल आणि मुंग्या हे स्टार्टरचे नेहमीचे भाडेकरू. केबलचे भोक ग्लँडने बंद केले की निम्मी दुरुस्ती टळते. शेवटी टेस्टची कळ दाबून कॉन्टॅक्टर खरोखर सुटतो का ते पाहावे.

जिनिंगमध्ये शत्रू वेगळा : रुईचा तंतू. तो पॅनलमध्ये साचतो, ओल धरतो आणि ठिणगीने पेटतो. म्हणून पॅनल वेगळ्या खोलीत ठेवणे केव्हाही चांगले. हंगाम दिवाळीच्या सुमारास जोर धरतो, त्यामुळे सफाईला दसरा सोयीचा. आधी व्हॅक्यूमने तंतू ओढावा, मग पूजा. हळद-कुंकू दारावर वाहावे, पॉइंटवर नव्हे.

वीज उपकेंद्रांतील जुने रिले चकतीचे असतात, उदा. सीडीजी मालिका. त्यांच्या प्रमाणित वक्रात सेटिंगच्या १० पट प्रवाहाला सुमारे ३ सेकंद, २ पटीला सुमारे १० सेकंद लागतात. टाइम मल्टिप्लायर ०.१ केला की ही वेळ दहाव्या हिश्शावर येते. चुंबकाच्या फटीत लोहकण शिरला तर चकती अडते, म्हणून काचेच्या झाकणाचे गॅस्केट जपतात. ही जुळवणी इंजेक्शन संचाने चाचणी विभागाचे लोकच करतात. रेल्वेच्या सिग्नल रिलेंची शिस्त त्याहून कडक : बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला असलेल्या मुंबई–नागपूर मार्गावर रिलेखोलीला दुहेरी कुलूप असते, आणि मोहोरबंद रिले जागेवर न उघडता बदलून कार्यशाळेत पाठवतात.

सौरपंपाच्या नियंत्रकात प्रवाह, व्होल्टेज आणि कोरडा पंप यांची पाहणी इलेक्ट्रॉनिक सर्किट करते. सरकारी योजनांत बसवलेल्या अशा पंपांची पाच वर्षांची दुरुस्ती पुरवठादाराकडे असते. त्यात शेतकऱ्याने फिरवायचा डायलच नाही.