लाहीचा मका आणि सोलणारा हात

खाडीकांठचें सीवूड्स हें नवें नगर. १९७० सालीं सिडकोची स्थापना झाली आणि नवी मुंबई वसूं लागली. तत्पूर्वीं या भागांत करावे, दारावे या गांवांचीं भातशेतें व मिठागरें पसरलेलीं होतीं. साहजिकच या भूमीच्या ओळखीची लाही ती साळीची, विवाहांतील लाजाहोमांत अग्नीला अर्पण होणारी. घांट चढून देशावर जावें, तर नागपंचमीला ज्वारीच्या लाह्या फुटतात. मक्याची लाही या दोघींच्या पंक्तीला फार उशिरां येऊन बसली. कारण मकाच मुळीं १६व्या शतकांत पोर्तुगीजांच्या गलबतांतून हिंदुस्थानांत आला. आज तेथील एखाद्या गच्चीवर कोणी हौसेनें लाह्यांचा मका लावला, तर कणसें वाळल्यावर एक प्रश्न पुढें उभा राहतो: दाणे काढावे कसे? प्रश्न दिसतो क्षुल्लक, पण तो फार जुना आहे.

मेक्सिकोंत सुमारें ९००० वर्षांपूर्वीं टिओसिंटे नांवाच्या रानगवतापासून मनुष्यानें मका घडविला. त्या गवताचे दाणे पिकतांच आपोआप गळतात, आणि प्रत्येक दाणा कठीण कवचांत असतो. मनुष्यानें पिढ्यान्‌पिढ्या न गळणारें, उघड्या दाण्यांचें कणीस निवडलें. परिणाम असा झाला, कीं मक्याला स्वतःचें बीं स्वतः पेरतां येईनासें झालें. इतकें परावलंबी पीक दुसरें क्वचितच असेल! भात झोडपला, ज्वारी बैलांच्या पायांखालीं मळली, कीं दाणा सुटतो. मक्याचा दाणा दांड्याला घट्ट धरून राहतो. पेरूच्या किनाऱ्यावर हुआका प्रिएता येथें सुमारें ६७०० वर्षांपूर्वींचीं कणसें सांपडलीं, त्यांत लाह्यांच्या मक्याचींहि आहेत. त्यांचे दाणेहि कोणाच्या तरी हातांनींच सुटले असणार.

मग काठीनें कां बडवूं नये? पिठाच्या मक्याला तें चालतें, लाहीच्या मक्याला नाहीं. या दाण्याच्या पोटांत १३ ते १४ टक्के ओलावा असावा लागतो. सुमारें १८० अंश सेंटिग्रेड उष्णतेला त्याची वाफ टणक साल फाडून बाहेर पडते व लाही फुलते. सालीला बारीकशी चीर असली, तरी वाफ आधींच निसटते आणि दाणा गणंग राहतो. म्हणून येथें हातांतलें साधें हत्यारच शहाणपणाचें.

भोपाळ येथें १९७६ सालीं स्थापन झालेल्या केंद्रीय कृषि अभियांत्रिकी संस्थेनें प्रचारांत आणलेली सोलणी म्हणजे एक आंखूड लोखंडी नळी; आंतल्या बाजूस चार निमुळत्या पट्ट्या. एका हातांत नळी, दुसऱ्यांत सोललेलें, वाळलेलें कणीस; टोक आंत घालून पिळलें, कीं दाणे झरझर गळतात. लाहीचें कणीस बारीक असतें, तेव्हां नळीहि त्या मापाची हवी. नळी नसेल, तर दाभणानें एक ओळ उखडावी. पुढच्या ओळी आंगठ्यानें सुटतात. मात्र लाह्यांच्या मक्याच्या तांदुळी वाणाचे दाणे टोकदार असतात, आणि पांच-सहा कणसांतच आंगठा हुळहुळूं लागतो.

त्यानंतर सूप. पाखडून कोंडा उडाला, कीं दाणे घट्ट झांकणाच्या बरणींत भरावे. खाडीच्या दमट हवेंत उघडे राहिले, तर ओलावा वाढून तेहि गणंगच.