काच, शेवाळ आणि लोहचुंबक

मोखाडा तालुक्यात सूर्यमाळच्या परिसरातील एका शाळेत काचेची टाकी आहे. ओहोळातले लहान मासे, तिथलीच वाळू आणि दोन-चार पाणवनस्पती. टाकी खिडकीपाशी असल्यामुळे पंधरा दिवसांत काच हिरवी होते आणि मग मासे दिसेनासे होतात. मागच्या खेपेस जाताना मी मुंबईहून एक चुंबकी पुसणी घेऊन गेलो. तिचा एक तुकडा पाण्यात, दुसरा बाहेर. बाहेरचा सरकवला की आतला त्याच्यामागे धावतो आणि शेवाळ खरवडतो. हात ओला होत नाही. मुले खूष, गुरुजी खूष. महिन्याभराने पुन्हा गेलो तेव्हा काच स्वच्छ होती, पण तिच्यावर तळापासून वर चढत गेलेले बारीक ओरखडे होते. ते कधीच जाणार नाहीत. भेट माझी, आणि सूचना न देण्याची चूकही माझीच. त्या ओरखड्यांचा शोध घेताना जे हाती लागले, ते शिक्षकमित्रांना सांगावे म्हणून हा लेख.

काच पुसण्याचा प्रश्न मत्स्यालयाइतकाच जुना आहे. लंडनमधील रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी 1849 मध्ये एका मोठ्या काचपात्रात दोन सोनमासे आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती ठेवली. माशाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड वनस्पतीने घ्यावा, वनस्पतीने दिलेला ऑक्सिजन माशाने, असा हिशेब. 1850 मध्ये त्यांनी तो प्रसिद्धही केला. पण हिशेबात एक तूट राहिली होती. पाने कुजू लागली, काचेवर हिरवा थर चढला, पाणी गढूळ झाले. वॉरिंग्टन यांनी पात्रात गोगलगायी सोडल्या. त्यांनी कुजकी पाने आणि शेवाळ दोन्ही फस्त केले, आणि पात्र टिकले. म्हणजे मत्स्यालयाचा पहिला सफाई कामगार सजीव होता! पुढे 1854 मध्ये फिलिप हेन्री गॉस यांच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकाने समुद्री मत्स्यालयाचे वेड इंग्लंडभर पसरवले. शंखातला प्राणी काचेवरून सरकताना शेवाळ कसे कापत जातो, हे गॉस यांनी भिंगातून बारकाईने पाहिले होते.

या प्राण्यांचे हत्यार म्हणजे रॅड्युला, दातांच्या रांगा असलेली पट्टीसारखी जीभ. कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीला गेलात तर आठ तुकड्यांचे कवच असलेला, खडकाला घट्ट चिकटलेला कायटन दिसेल. तो खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. 1962 मध्ये हाइन्झ लोव्हेनस्टाम यांनी दाखवून दिले की, कायटनच्या दातांची टोके मॅग्नेटाइटची, म्हणजे चुंबकाला चिकटणाऱ्या लोहखनिजाची असतात. चुंबकी पदार्थाने शेवाळ खरवडण्याची युक्ती आपल्या आधी फार पूर्वी कोणीतरी वापरली होती, इतकेच. कायटन मात्र काचेआडून ओढला जात नाही.

काचेआडून ओढायचे तर चुंबक जोरदार हवा, कारण अंतर वाढले की ओढ झपाट्याने घटते. दुप्पट अंतराला ती निम्म्याहून बरीच कमी होते. शाळेतला पोलादी पट्टीचुंबक जाड काचेपलीकडे जेमतेम टाचणी हलवतो. 1930 च्या सुमारास जपानमध्ये फेराइट आणि निकेल-अ‍ॅल्युमिनियमयुक्त पोलादाचे चुंबक तयार झाले, आणि 1950 नंतर स्वस्त फेराइट सर्वत्र पोचले. ध्वनिवर्धकामागची काळी चकती हीच. खरी उडी 1983 ची. त्या वर्षी जपानचे मासातो सागावा आणि अमेरिकेतील जॉन क्रोट यांनी स्वतंत्रपणे निओडिमियम, लोह व बोरॉन यांचा चुंबक जाहीर केला. बोटाएवढ्या तुकड्याची ओढ आता जाड काचेपलीकडेही पुरते.

पण या चुंबकाच्या वजनाचा सुमारे दोन-तृतीयांश भाग लोह असतो, आणि लोह खाऱ्या पाण्यात काय करते हे सांगायला नको. म्हणून त्याला निकेलचा मुलामा देतात, त्याखाली बहुधा तांब्याचा थर असतो, आणि वर प्लास्टिकचे वेष्टन. प्रवाळाच्या टाकीत वेष्टनाला चीर गेली की पाणी आत शिरते, चुंबक गंजून फुगतो आणि वेष्टन आणखी फाटते. तांबे कमी प्रमाणातही प्रवाळ, कोळंबी, गोगलगाय यांसारख्या अपृष्ठवंशीयांना मारक असते. त्यामुळे फुगलेली पुसणी दुरुस्त करण्याच्या भानगडीत न पडता ती बदलावी, हे उत्तम. वापरून झाल्यावर आतला तुकडा बाहेर काढून गोड्या पाण्यात धुवावा. टाकीत तसाच ठेवण्याची सवय महागात पडते. दोन्ही तुकडे ओढून वेगळे न करता सरकवून वेगळे करावेत, नाहीतर बोट सापडते, आणि ठिसूळ चुंबक एकमेकांवर आपटून फुटतात. (प्रवाळ आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहेत, शाळेने प्रवाळाची टाकी करायला निघू नये.)

प्रवाळाच्या टाकीत आणखी एक त्रास म्हणजे चुनखडी साचवणारे गुलाबी-जांभळे शैवाल. ते मऊ नमद्याने निघत नाही, पात्याने खरवडावे लागते. काचेला पोलादी पाते चालते, अ‍ॅक्रिलिकला प्लास्टिकचेच हवे. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झाले तेव्हा त्यात काचेच्या टाक्या होत्या. 2015 च्या नूतनीकरणात तिथे अ‍ॅक्रिलिकचा बोगदा आला. अ‍ॅक्रिलिक हवे तसे वाकवता येते, पण काचेपेक्षा किती तरी मऊ. काचेसाठी वापरलेली पुसणी त्याला कधीही लावू नये.

आता सूर्यमाळचे ओरखडे. आतला तुकडा काढून भिंगाखाली धरला तर नमद्याच्या कडेने काळे दाणे दाटीने बसलेले. नळाखाली धुतले, ते जागचे हलेनात. धुऊन जाणार कसे, चुंबकानेच धरले होते ना! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा बेसॉल्ट खडक इथे पायाखाली आहे आणि त्यात मॅग्नेटाइट असते. खडक झिजला की ते ओहोळाच्या वाळूत येते. मॅग्नेटाइटची कठिणता 5.5 ते 6.5, साध्या काचेची 5.5 च्या आसपास. पुसणी वाळूला टेकवली की चुंबक दाणे उचलतो आणि पुढच्या फेरीत त्यांनीच काच घासतो. मुंबईच्या दुकानातल्या पांढऱ्या वाळूत हा प्रकार इतक्या जोरात झाला नसता. अर्थात, तिथेही गारेचा दाणा नमद्यात अडकला तर ओरखडा येतोच, कारण गारेची कठिणता 7.

उपाय दोन निघाले. पुसणी वाळूच्या वर तीन-चार बोटे थांबवायची, आणि ती निसटून खाली पडलीच तर बाहेर काढून, चिकटपट्टीने दाणे उचलून मगच पुन्हा लावायची. दुसरा उपाय मुलांनी केला. टाकी रिकामी करून त्यांनी वाळू वाळवली. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून वाळूतून फिरवला, मग पिशवी कागदावर धरून चुंबक वर काढला. दाणे आपोआप गळाले. दुपारपर्यंत काळ्या पुडीने आगपेटी भरली. सातवीतल्या एका मुलीने विचारले, “सर, ओढ्याच्या वरच्या अंगाला जास्त मिळेल की खालच्या?” उत्तर माझ्याजवळ नव्हते. गुरुजींनी दुसऱ्या दिवशी पाच ठिकाणची वाळू, प्रत्येकी एक पेला, आणायला सांगितली आहे.